छत्तिसावा फोटो

नवनगरच्या आमच्या घरात हॉलच्या भिंतीला दोनच खिळे होते. गिलावा असा कच्चा, की तिसरा खिळा ठोकायला जावं तर सूपभर पोपडे खाली. एका खिळ्यावर सासऱ्यांचा फोटो, कोर्टातून निवृत्त झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार. दुसऱ्यावर मी.

लग्न होऊन आले तेव्हा माझ्यासोबत भांडी थोडीच आली, हा फोटो मात्र आला. काळा झगा, हातात पदवीची गुंडाळी. झगा स्टुडिओवाल्याचा होता, आणि खरं सांगायचं तर ती गुंडाळी म्हणजे लाल फीत बांधलेलं जुन्या कॅलेंडरचं पान होतं. पण पदवी खरी होती. अळणावरजवळच्या आमच्या गावात बी.ए. झालेली पहिली मुलगी मी. घराण्यात तर मुलगासुद्धा कुणी झाला नव्हता. माझ्या वडलांना सही येत नव्हती. माझ्या कॉलेजच्या फॉर्मावर त्यांनी अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली. तो डाग आईनं कधी घासून काढला नाही.

सासऱ्यांना घरात सगळे अप्पा म्हणत. त्यांनी माझा फोटो स्वतःच्या हातानं लावला होता. आल्या-गेल्याला दाखवायचे, "ही आमची थोरली. धारवाडला शाळेत शिकवते." मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मुद्दाम जरा हळू यायचे.

आठ वर्षं असं चाललं. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे धाकट्या दिराचं लग्न झालं. भावोजी तारिहाळला एका कारखान्यात इंजिनिअर. मुलगी पुण्याची, वकिलाची. तिच्या सामानातून एक फोटो निघाला. महाबळेश्वरचा. नऊ-दहा वर्षांची ती, डोक्यावर गवती टोपी, पांढऱ्या घोड्यावर बसलेली. दोन्ही बाजूंना पाय सोडलेले, एका हातात लगाम, दुसरा हात वर. पुढचा एक दात पडलेला, आणि तरी तोंड भरून हसतेय.

अप्पांनी फोटो पाहिला. चष्मा पुसून परत पाहिला. मग उठले, स्वतःचा हारवाला फोटो उतरवला आणि त्या जागी तो लावला.

"माझं थोबाड काय बघायचं आता?" म्हणाले.

माझा फोटो लागला तेव्हा त्यांनी काही उतरवलं नव्हतं. तो खिळा रिकामाच होता. हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं आणि पुढं कितीतरी दिवस लक्षातून गेलं नाही.

त्या वर्षी हळदीकुंकवाला शेजारणी आल्या. दरवर्षी त्या माझ्या फोटोपुढं थांबून "काय शिकलीयस गं" म्हणायच्या. या वर्षी सगळ्या डावीकडं वळल्या. "अय्य, कुदरी म्याल कुंताळ नोड्री!" एकजण कानडीत ओरडली. घोड्यावर बसलीय बघा! मग धाकटीच्या हनुवटीला हात लावून झाले, टोपी कुठली विचारून झालं, घोडा कुणाचा विचारून झालं. उजवीकडची काळ्या झग्यातली बाई तशीच उभी, हातात कॅलेंडरचं पान घेऊन.

मी जळत होते. याला दुसरा शब्द शोधत बसत नाही. ती आळशी असती, उर्मट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती पहाटे उठून माझ्या आधी आंगण झाडायची. वहिनी वहिनी करत मागं फिरायची. तिच्या पोळ्या मात्र नकाशासारख्या व्हायच्या, आणि त्या मी अप्पांच्या ताटात आवर्जून वाढायचे.

एकदा रात्री जेवताना तीच सहज म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर गावाकडच्या. तुमच्याकडे घोडे असतील ना?"

सहजच म्हणाली. पण मला त्यात 'गावाकडच्या' एवढंच ऐकू आलं.

"असायचे की," मी म्हणाले. "मैलाराच्या जत्रेला घोडा यायचा, त्यावर मी दरवर्षी बसायचे."

अप्पांचा घास हातात राहिला. "दरवर्षी? कधी बोलली नाहीस!"

"त्यात काय बोलायचं, अप्पा?"

"मग झालं तर! नाताळच्या सुट्टीत कारवारला चाललोय. समुद्रावर घोडा असतो तिथं. दोन्ही सुना बसा. थोरलीचाही फोटो काढू, आणि..." त्यांनी भिंतीकडं पाहिलं.

आमच्या गावात घोडा नव्हताच. बैल होते, म्हशी होत्या, एका सावकाराची जीप होती. जत्रेला तेवढा मैलारदेवाचा घोडा यायचा, पाठीवर भगवी झूल आणि त्यावर देवाच्या पादुका. त्याच्यावर माणूस बसत नाही. वडील मला खांद्यावर घ्यायचे, मी हात लांब करून घोड्याच्या मानेला लावायचे आणि तो हात डोळ्यांना लावायचे. वडील खालून बजावायचे, "पाय लागू देऊ नको हां, पाय लागू देऊ नको." मी त्या घोड्यावर बसायचे असं सांगितल्याचं आईला कळलं असतं, तर बी.ए. बघितलं नसतं तिनं, पाठीत धपाटा घातला असता.

नाताळला सहा आठवडे होते. मी शिकायचं ठरवलं. शिकणं हे एक मला येत होतं.

धारवाडात तेव्हा टांगे संपत आले होते. स्टेशनबाहेर मात्र रिक्षांच्या रांगेपलीकडं एक म्हातारा चाचा अजून टांगा लावायचा. शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडं गेले.

"चाचा, मला घोड्यावर बसायला शिकवा."

"बैठो ना टीचरबाई, टांगा खालीच है."

"टांग्यात नाही. घोड्यावर."

चाचानं तोंडातली विडी काढली. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. साडी, छत्री, वह्यांची पिशवी. "क्यूँ? भाग के जाना है क्या कहीं?"

मी खरं ते सांगून टाकलं. जाऊ, फोटो, कारवार. परक्या माणसाला सांगायला काही वाटत नाही. चाचा हसला नाही. त्यालाही दोन सुना असाव्यात.

"ये सवारी का घोडा नै," तो म्हणाला. "ये नौकरी करता. पन आदत हो जाएगी तुमको. पैले इसकू खिलाव. पैचान करो."

म्हणून मी घरातून हुलगे न्यायला लागले. रात्री भिजत घालायचे, सकाळी डब्याच्या खालच्या खणात भरायचे. हात सपाट ठेवायचा, बोटं वर करायची नाहीत, हा पहिला धडा. घोड्याचे ओठ तळहातावर फिरले की अंगावर काटा यायचा. आठवडाभरात काटा यायचा थांबला. घरी सासूबाई डबे उघडून बघत म्हणायच्या, "हुलगे कसे गं एवढे संपले? कट केला नाही, पिठलं केलं नाही." धाकटी बिचारी म्हणाली, "मी तर हुलगे म्हणजे काय तेच ओळखत नाही हो." तिच्यावरचा संशय मी दूर केला नाही.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. स्कूटरवर मी नेहमी एका बाजूला पाय सोडून बसायचे. घोड्यावर तसं बसले तर फोटोत टोपलीत ठेवलेल्या भोपळ्यासारखी दिसले असते. सुभाष रोडला जाऊन सलवार-कमीजचं कापड घेतलं. लग्नानंतर साडीशिवाय काही नेसले नव्हते. शिंप्याला म्हटलं, भाचीसाठी हवंय.

"माप?"

"माझंच घ्या. ती माझ्याच अंगाची आहे."

तो टेप गुंडाळत म्हणाला, "भाची शाळेत जाते का?"

"जाते. शिकवायला."

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला, आणि तो मला आधी सुचलासुद्धा नव्हता. चाचानं एका संध्याकाळी स्टेशनमागच्या चिंचेखाली घोडा टांग्यातून सोडला, पाठीवर पोतं टाकलं. मी टांग्याच्या पायरीवर उभी राहिले आणि एक पाय पलीकडं टाकायला उचलला. पाय घोड्याच्या कुशीला लागला. लगेच मी पाय मागं घेतला, वाकले, त्याच्या कुशीला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला.

मुद्दाम केलं नाही. वहीला पाय लागला तर करतो, माणसाला लागला तर करतो, तसंच झालं. आणि हा तर घोडा.

"चलो, फिर से," चाचा म्हणाला.

परत पाय लागला. परत नमस्कार. तिसऱ्यांदाही तेच. घोडा मान वळवून माझ्याकडं बघायला लागला.

"टीचरबाई," चाचा म्हणाला, "रोज सत्यनारायण करोगे तो बैठोगे कब?"

मला वाटलं होतं भीती घालवावी लागेल. भीती हुलग्यांबरोबर गेली होती. पण हाताला कोण सांगणार? शेवटी मी दोन्ही हातांनी चाचाच्या घोड्याची आयाळ घट्ट धरली आणि हात मोकळा सुटूच दिला नाही. तशी बसले. घोडा चिंचेला एक फेरी मारून आला. वर बसून मला स्टेशनचं पत्र्याचं छप्पर दिसलं, त्यावर पडलेली एक चप्पल दिसली. मी मनात म्हटलं, आता ये म्हणावं पुण्याचीला.

कारवारला जाताना यल्लापूरच्या पुढच्या घाटात धाकटीला उलटी झाली. जीप थांबवली. ती उतरली, रुमाल लावला, बाजूला जाऊन मोकळी झाली, चूळ भरली आणि केस सारखे करून परत आली. उलटीसुद्धा नीटनेटकी. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला घाटात काही होत नाही, म्हणून माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवत नाही.

समुद्रावर एकच घोडा होता, तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. घोडेवाला तरुण पोरगा, कानडी बोलणारा. धाकटी पुढं झाली. तो रिकीब हातात धरून म्हणाला, "हत्तरि अक्कार, हत्तरि."

धाकटीला कानडी म्हणून भाजीबाजारापुरते आकडे येत होते. "हत्तु म्हणजे दहा ना?" ती मला म्हणाली आणि त्याच्याकडं वळली, "दहा नाही हो भय्या, आम्ही सहाच जण आहोत!"

हत्तु म्हणजे दहा, आणि हत्तु म्हणजे चढ. तो पोरगा तिला चढा म्हणत होता. मी एवढी हसले की वाळूत बसले. अप्पाही हसले, पण कौतुकानं. "किती गोड चुकते बघा," म्हणाले. माझं हसणं तिथंच थांबलं. मी कानडीत चुकले असते तर बी.ए. असून येत नाही म्हणाले असते.

मग ती चढली. डावा पाय रिकिबीत, एक झोका, आणि वर. खोगिरावर अशी बसली, जणू महाबळेश्वरच्या घोड्यावरून उतरलीच नव्हती. होड्यांपर्यंत गेली, परत आली, परत गेली. भावोजी वाळूत गुडघे टेकून फोटोवर फोटो काढत होते. आम्ही उन्हात उभे. अप्पांना वाळूत चालून धाप लागली होती. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "मी जीपमध्ये बसतो जरा. थोरली बसली की हाक मारा." सासूबाई त्यांच्यामागं गेल्या. आमचे हे शहाळी बघायला गेले. भावोजींनी कॅमेरा पाहिला, जीभ चावली. "वहिनी, एकच उरलाय. छत्तिसावा. थांबा, रोल मिळतो का बघून येतो." आणि तेही गेले.

धाकटी उतरली, धापा टाकत, लाल झालेली. तिनं कॅमेरा घेतला. "वहिनी, बसा तुम्ही. तुम्ही वर बसून हसलात की मी हा काढते. एकच आहे, वाया नाही घालवणार."

मी नवी सलवार सावरली. या घोड्याची आयाळ कापलेली होती, धरायला काही नव्हतं. सहा आठवड्यांत हे ध्यानात आलं नव्हतं. एका हातानं खोगीर धरलं, डावा पाय उचलला. रिकीब हलली, चवडा घोड्याच्या पोटाला लागला.

पाय मागं आला. हात पोटाला गेला. हात डोळ्यांना गेला.

आणि खट्ट.

"अय्या! सुटलं हो वहिनी!" धाकटीनं तोंडावर हात घेतला. "सॉरी, सॉरी. मला वाटलं..."

तिला काय वाटलं ते तिनं सांगितलं नाही. बोट चुकून पडलं की मुद्दाम पाडलं, हे मला आजही कळलेलं नाही. त्या वेळी मला खात्री होती, मुद्दाम. त्या रागात मी चढले. एका झोक्यात. नमस्कार नाही, काही नाही.

आणि बसले मी. चांगली बसले. पोरगा लगाम धरून चालत होता, मी त्याला कानडीत म्हटलं, "बिडप्पा, सोड." तो म्हणाला, "बीळतीरि, पडाल." मी म्हटलं, "पडत नाही, तू सोड." त्यानं लगाम माझ्या हातात दिला. ओल्या वाळूवर घोडा दुडक्या चालीनं निघाला. पाण्याचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत येत होते. होड्या मागं पडल्या. धाकटी होड्यांच्या पुढं गेली नव्हती, मी गेले. पोरगा ओरडत मागून पळत होता. मी लगाम ओढून घोडा वळवला, आणि तो वळला. परत येताना मी जीपकडं पाहिलं. अप्पांनी मान मागं टाकली होती, झोप लागली होती. सासूबाईंची पाठ होती. हे शहाळंवाल्याशी घासाघीस करत होते. सबंध किनाऱ्यावर एकटी धाकटी माझ्याकडं बघत होती, रिकामा कॅमेरा गळ्यात घालून, आणि टाळ्या वाजवत होती.

जीपकडं माझ्या आधी तीच पळत गेली. "अप्पा! काय बसल्या वहिनी! लगाम स्वतः धरला! माझ्यापेक्षा लांब गेल्या!"

"असं?" अप्पा डोळे चोळत म्हणाले. "बसणारच. लहानपणापासूनची सवय." त्यांनी लगेच मानलं. तिनं सांगितलं ना.

भावोजींना रोल मिळाला नव्हता.

आठवड्यानं फोटो धुऊन आले. पस्तीस फोटो सोडून अप्पा त्या शेवटच्यावर थांबले. मी पाठमोरी आहे त्यात, थोडी वाकलेली, हात डोळ्यांना लावलेला. कपाळावर टिळा असलेला घोडा मान वळवून माझ्याकडं बघतोय. मागं समुद्र. मी म्हटलं, "अप्पा, तो फाडून टाका."

"फाडू? येडी का काय! आपल्या घरात घोड्याला हात जोडणारी एकटीच आहेस तू." त्यांनी फोटो मोठा करून घेतला, चौकट करून आणली. आणि भिंतीला दोनच खिळे. ते उठले, माझा झग्यातला फोटो उतरवला आणि हा लावला. झग्यातली मी आतल्या खोलीत, गाद्यांच्या कपाटावर.

तक्रार कशाची? घोड्यावरचा फोटो मलाच हवा होता.

त्यानंतर जो येई तो दोन्ही फोटो बघे आणि म्हणे, "धाकटी बसली, थोरलीनं नमस्कार केला, छान." दर वेळी धाकटी आतून पीठभरल्या हातानं यायची. "नाही हो, वहिनी बसल्या होत्या. मी पाहिलंय. माझ्यापेक्षा लांब गेल्या." लोक तिचं ऐकत, मान हलवत, आणि मग तिच्याच फोटोकडं बघत.

पुढं भावोजींना बेंगळूरला नोकरी लागली. ती दोघं गेली, तिचा फोटोही गेला. अप्पा त्याच्या दोन वर्षांनी गेले. रिकाम्या खिळ्यावर मी माझा झग्यातला फोटो परत लावला. आता दोन्ही खिळे माझे आहेत.

मागच्या दिवाळीत शाळेतली नवी मुख्याध्यापिका घरी आली. झग्यातला फोटो तिनं नीट पाहिला, मला बरं वाटलं. मग दुसऱ्याकडं वळली.

"अय्या, घोडा! बसलात की नुसता नमस्कारच?"

"बसले होते," मी म्हटलं. "होड्यांच्या पुढं गेले होते. लगाम मीच धरला होता."

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि ज्या नजरेनं आपण 'घरचा अभ्यास केला होता, वही विसरली' म्हणणाऱ्या मुलीकडं बघतो, तसं हसली. "हो का? छान, छान."

जत्रेच्या घोड्यावर दरवर्षी बसायचे म्हटलं, तेव्हा कुणी असं बघितलं नव्हतं.

मी उठले आणि फोन लावला. बेंगळूरला. रिसीव्हर बाईंच्या हातात दिला. "घ्या. हिला विचारा."

बाई आधी संकोचल्या. मग "हो? हो?" करायला लागल्या. मग हसायला लागल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. पुणं, तिथल्या शाळा, पोळ्या, बेंगळूरचं पाणी, सगळं झालं. मी चहा केला, तो गार झाला, परत केला. अखेर बाईंनी फोन ठेवला आणि डोळे पुसत माझ्याकडं वळल्या.

"किती गोड बोलते हो तुमची जाऊ!"

"बसले होते की नाही, ते विचारलंत?"

"अय्या," बाई म्हणाल्या, "ते राहिलंच."